पकड, यंत्रमानवाची (हवाभरित वस्तूंसाठी)

यंत्रमानवाच्या भुजेच्या टोकाशी बसविलेल्या आणि वस्तू उचलणे, धरून ठेवणे, वळविणे व सोडणे ही कामे करणाऱ्या साधनाला पकड म्हणतात. माणसाच्या पंजाशी तिचे कार्य तुलनीय असले, तरी तिचे रूप पंजासारखे असतेच असे नाही. लोखंडी सुटे भाग, पेट्या, बाटल्या यांसारख्या दृढ वस्तूंसाठी लागणाऱ्या पकडींचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरेचसे स्थिरावले. चेंडू, पोहण्याच्या हवाई कड्या, चाकातील ट्यूब अशा हवा भरून फुगविलेल्या वस्तूंना मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही. या वस्तू आकारमानाने मोठ्या पण वजनाने हलक्या असतात. दाबल्या की त्यांचे रूप बदलते, सोडल्या की पूर्ववत होते आणि हवेतील उष्णतेनुसार त्यांचा ताठपणा कमीजास्त होतो. त्या उचलण्यास फारसे बल लागत नाही. अडचण असते ती थोडे बल योग्य जागी, योग्य क्षेत्रावर व योग्य वेळी लावण्याची.

प्रस्तुत नोंदीत अशा पकडीचा अभिकल्प (आराखडा) कसा करतात याचे विवरण केले आहे. स्थानिक हवामानाचा या वस्तूंवर होणारा परिणाम दाखविण्यासाठी महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण घेतले असून, याच जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर हाताने वेचल्या जाणाऱ्या कापसाशी या तंत्राचा असलेला संबंध शेवटी दिला आहे.

इतिहास : पहिला औद्योगिक यंत्रमानव ‘युनिमेट’ हा १९६१ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या न्यू जर्सी राज्यातील कारखान्यात बसविण्यात आला. त्याची मूळ कल्पना जॉर्ज डेव्हॉल यांची असून तिचे एकस्व (पेटंट) त्यांना त्याच वर्षी मिळाले. साच्यात ओतलेले तप्त धातूचे भाग बाहेर काढून ठेवणे हे त्याचे काम होते. त्यासाठी दोन जबड्यांची, चिमट्यासारखी मिटणारी पकड पुरेशी होती. कारण वस्तूचे माप ठरलेले आणि ती कितीही आवळली तरी न दबणारी.

नाजूक वा अनियमित आकाराच्या वस्तूंचा प्रश्न त्यानंतर पुढे आला. जपानमधील शिगेओ हिरोसे व योजी उमेतानी यांनी १९७८ मध्ये ‘मऊ पकडी’चे वर्णन प्रसिद्ध केले. तीत साखळीच्या कड्यांसारखे अनेक दुवे एकापुढे एक जोडलेले असून तारा व कप्प्या यांच्या योगाने ते वस्तूभोवती वेढा घालीत व सर्व स्पर्शबिंदूंवर जवळजवळ सारखाच दाब देत. २०१० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल व शिकागो विद्यापीठांतील आणि आय-रोबॉट कंपनीतील संशोधकांनी रबरी फुग्यात कॉफीची भरड पूड भरून पकड तयार केली. फुगा वस्तूवर टेकवून त्यातील हवा काढून घेतली की, पुडीचे कण एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि वस्तू धरली जाते. २०११ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात लवचिक बहुवारिकात (पॉलिमरात) हवेचे कप्पे ठेवून केलेली बोटे दाखविण्यात आली. कप्प्यांत हवा भरताच ही बोटे वळतात व कच्चे अंडेही न फोडता उचलू शकतात. अशा रीतीने वस्तू मऊ असल्यास पकडही मऊ असावी, हा विचार रूढ होत गेला. तथापि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे हवाभरित वस्तूंच्या बाबतीत हा विचार सर्वस्वी खरा ठरत नाही.

हवाभरित वस्तूचे गुणधर्म : वस्तूतील हवेचा दाब बाहेरील वातावरणाच्या दाबापेक्षा जितका अधिक असतो, त्याला येथे अधिदाब म्हटले आहे. वस्तूचे आवरण पातळ, म्हणजे एक मिलिमीटरच्या काही दशांशांइतके जाड असते आणि त्याची स्वतःची दृढता नगण्य असते. वस्तूला जो ताठपणा येतो तो अधिदाबामुळे. सपाट तबकडी अशा वस्तूवर दाबली असता आवरण स्पर्शाच्या जागी सपाट होते आणि तबकडीवर येणारे बल हे स्थूलमानाने अधिदाब व स्पर्शक्षेत्र यांच्या गुणाकाराइतके असते. पकडीच्या अभिकल्पाचे हे मूलसूत्र होय. लोखंडी गोळ्यावर तबकडी किंचितशी दाबताच बल एकदम वाढते. हवाभरित चेंडूवर ती जसजशी आत जाते, तसतसे क्षेत्र वाढून बल क्रमाक्रमाने वाढते. पकडीला मिळणारी ही मोठीच सवलत आहे. कारण मिटण्याच्या अंतरातील लहान चूक येथे खपून जाते.

उदा., १०० ग्रॅ. वजनाचा एक चेंडू दोन बाजूंनी धरावयाचा आहे, त्यातील अधिदाब १० किलोपास्काल आहे आणि पकडीचा पृष्ठभाग व चेंडू यांमधील घर्षण गुणांक ०.५ आहे असे मानू. चेंडू नुसता उचलण्यास १ न्यूटनापेक्षा किंचित कमी बल लागते. पण भुजा झटक्याने हलून चेंडूला गुरुत्वीय प्रवेगाच्या पाचपट प्रवेग ऊर्ध्व दिशेने मिळणार असेल, तर एकूण सु. ६ न्यूटन घर्षण बल आवश्यक ठरते. दोन बाजूंच्या घर्षणाचा विचार करता प्रत्येक बाजूस सु. ६ न्यूटन दाबबल आणि म्हणून प्रत्येकी सु. ६ चौ. सेंमी. स्पर्शक्षेत्र पुरते. तोच चेंडू अर्धवट भरलेला, म्हणजे २ किलोपास्काल अधिदाबाचा असेल, तर मात्र तेवढ्याच बलासाठी सु. ३० चौ. सेंमी. स्पर्शक्षेत्र हवे. ताठ चेंडूसाठी पुरेसे असलेले बोटाचे टोक ढिल्या चेंडूला अपुरे पडते ते यामुळे. पकडीचे बल वाढवून ही उणीव भरून निघत नाही. बोट केवळ आत रुतत जाते आणि आवरणाला सुरकुत्या पडतात.

आवरणावरील ताणही लक्षात घ्यावा लागतो. ६ सेंमी. त्रिज्येच्या नळीसारख्या कडीत १० किलोपास्काल अधिदाब असल्यास आवरणात तिच्या परिघाच्या दिशेने प्रत्येक सेंमी. रुंदीस सु. ६ न्यूटन ताण असतो. हा ताण आवरण सहज पेलते; परंतु बोल्टचे डोके, पत्र्याची न घासलेली कड किंवा धातूची कीस टोचल्यास तेथे ताण एकवटतो व आवरण फाटते. आवरण जेथे जोडलेले असते ती शिवण व हवा भरण्याची झडप या जागा विशेष नाजूक असतात.

तापमान व उंची यांचा परिणाम : अधिदाब स्थिर राहत नाही, ही बाब नवख्या अभिकल्पकाच्या ध्यानात बहुधा उशिरा येते. बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सखल मैदानी प्रदेश (पायनघाट) असून दक्षिण भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी प्रदेश आहे. मैदानातील खामगाव, शेगाव, मलकापूर या भागांत उन्हाळ्यात सकाळचे तापमान २५° से. आणि दुपारचे ४२° से. असणे असामान्य नाही. सकाळी १० किलोपास्काल अधिदाबापर्यंत भरलेल्या वस्तूचे घनफळ बदलले नाही असे मानल्यास, दुपारी तो अधिदाब सु. १६ किलोपास्काल होतो. प्रत्यक्षात आवरण ताणले जाऊन वाढ काहीशी कमी होते. पण वस्तू उन्हात पडून राहिल्यास आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापते. वाढीचे प्रमाण इतके मोठे दिसते याचे कारण असे की, तापमानानुसार वाढतो तो हवेचा निरपेक्ष दाब, आणि सु. १०८ किलोपास्काल निरपेक्ष दाबातील ६ टक्क्यांची वाढ ही १० किलोपास्काल अधिदाबाच्या मानाने निम्म्याहून अधिक असते.

उंचीचाही असाच परिणाम होतो. खामगावहून बोथा घाटाच्या मार्गाने बुलढाणा शहरास जाताना सु. ३०० मी. चढावे लागते. इतक्या उंचीने वातावरणाचा दाब ३ किलोपास्कालांहून थोडा अधिक घटतो आणि तापमान तेच राहिल्यास खामगावात भरलेल्या ताठ वस्तूचा अधिदाब जवळजवळ तेवढाच वाढतो. पठारावरील हवा थंड असल्यास या वाढीचा काही भाग कमी होतो. तेव्हा मैदानातील कार्यशाळेत एकाच दिवशी, एकाच वेळी तपासलेली पकड दुसऱ्या ठिकाणी तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही. अभिकल्प एका अधिदाबासाठी न करता अपेक्षित अशा किमान व कमाल अधिदाबांच्या दरम्यान कोठेही चालेल असाच करावा लागतो.

पकडींचे प्रकार : (१) जबड्यांची पकड : हिच्यात दोन वा अधिक बोटे विरुद्ध बाजूंनी मिटतात. वस्तूच्या सर्वांत रुंद भागाच्या पलीकडे बोटे पोहोचली, तरच वस्तू आत ओढली जाते. ती अलीकडेच टेकली तर ओला चिंचोका चिमटीतून निसटावा तशी वस्तू पुढे उडते. बोटांचे स्पर्शपृष्ठ मिटण्याच्या मध्यरेषेशी जो कोन करते त्याचे स्पर्शगुणोत्तर (टॅन) घर्षण गुणांकापेक्षा कमी असावे लागते, ०.५ घर्षण गुणांकासाठी हा कोन सु. २७° येतो. मोठ्या चेंडूसाठी त्यामुळे बोटे बरीच लांब करावी लागतात, त्यांचे वजन वाढते आणि मिटण्यास वेळ लागतो.

(२) रुळांची पकड : हिच्यात समोरासमोर बसविलेले दोन रूळ, किंवा एक रूळ व एक स्थिर पाट, असतात. रुळांमधील फट वस्तूच्या जाडीपेक्षा काहीशी कमी ठेवतात. रूळ परस्परविरुद्ध दिशांनी फिरू लागले की, त्यांचे समोरासमोरचे पृष्ठभाग आतल्या बाजूस सरकतात व स्पर्श होताच वस्तू आत ओढली जाते. वस्तू आत आली की रूळ थांबवितात आणि दबलेल्या वस्तूच्या अधिदाबामुळेच ती धरून राहते. म्हणजे येथे पकडीची स्प्रिंग ही वस्तू स्वतःच असते. रूळ उलटे फिरविल्यास वस्तू बाहेर टाकली जाते. दोन्ही रूळ एकाच दिशेने फिरविल्यास समोरासमोरचे पृष्ठभाग विरुद्ध दिशांना सरकतात व वस्तू जागच्या जागी फिरते. आडवी उचललेली कडी खुंटीला अडकविण्यासाठी उभी करण्यास याचा उपयोग होतो.

रुळाच्या पृष्ठभागाचा वेग यंत्रमानवाच्या चालीपेक्षा अधिक असला पाहिजे. अन्यथा यंत्रमानव वस्तूला पुढे ढकलत नेतो. यंत्रमानव सेकंदाला २ मी. वेगाने येत असेल आणि रुळाचा पृष्ठवेग ४ मी. ठेवावयाचा असेल, तर ५ सेंमी. व्यासाचा रूळ मिनिटाला सु. १,५०० फेरे फिरवावा लागतो. या पकडीला वस्तू नेमकी कोठे आहे हे काटेकोरपणे कळण्याची गरज नसते. रुळाच्या लांबीत कोठेही स्पर्श झाला तरी चालतो. हवाभरित वस्तूंसाठी ती सर्वांत यशस्वी ठरली आहे. वस्तुतः तिचे रूळ मऊ नसले तरी चालतात, पृष्ठभाग तेवढा घट्ट घर्षण देणारा लागतो.

(३) आतून फाकणारी पकड : कडीच्या मोकळ्या मध्यभागात मिटलेली बोटे घालून ती बाहेरच्या बाजूस फाकवितात. रचना हलकी व साधी असते. परंतु कडी जमिनीवर तिरपी पडली असेल किंवा भिंतीला टेकली असेल, तर बोटे आत घालणे कठीण जाते. चेंडूसाठी ही पकड निरुपयोगी आहे.

(४) निर्वात पेल्याची पकड : रबरी पेला पृष्ठभागावर टेकवून त्यातील हवा शोषून घेतात. ४ सेंमी. व्यासाच्या पेल्यात वातावरणापेक्षा १० किलोपास्काल कमी दाब ठेवल्यास सु. १२ न्यूटन बल मिळते व हलक्या वस्तूस ते पुरेसे असते. मात्र ढिल्या आवरणाच्या सुरकुत्यांतून व शिवणीच्या उंचवट्यावरून हवा शिरते. काळ्या कापसाच्या जमिनीवरील बारीक धूळ पृष्ठभागावर बसली असल्यास पेल्याची कड नीट टेकत नाही. घडीदार (भात्यासारखा) पेला वक्र पृष्ठभागाशी अधिक चांगला जुळतो.

(५) मऊ बोटांची व कणांची पकड : हवेच्या दाबाने वळणारी बोटे लहान चेंडू व फळे यांसाठी चांगली असतात. मोठ्या वस्तूसाठी ती लांब केल्यास स्वतःच्याच वजनाने लवतात. कॉफीच्या पुडीसारख्या कणांच्या पकडीला वस्तूभोवती आकार घेण्यासाठी वस्तूवर दाबावे लागते. वस्तू दृढ असेल तर पकड दबते. वस्तू हवाभरित असेल तर दोन्ही दबतात आणि पुरेसा वेढा पडत नाही. कापसाच्या बोळ्यासारख्या अतिमऊ वस्तूही या पकडीला जड जातात. दोन मऊ गोष्टी समोरासमोर आल्या असता त्यांपैकी एकीचा तरी आकार निश्चित असावा लागतो, असा याचा निष्कर्ष आहे.

अभिकल्पाची पद्धती : प्रथम वस्तूंची मोजमापे घेतात. एकच माप घेऊन भागत नाही. त्याच जातीच्या अनेक वस्तू वेगवेगळ्या अधिदाबांना फुगवून जाडी, रुंदी, वजन व शिवणीची जागा यांची नोंद करतात. वस्तू निरनिराळ्या आकारांच्या असल्यास त्यांच्यात समान काय आहे ते शोधतात. त्रिकोणी, गोल व चौकोनी कड्या उचलावयाच्या असतील, तर तिन्ही आकारांना सामावणारी मोठी पकड करण्यापेक्षा तिन्हींत सारखीच असणारी गोष्ट, म्हणजे कडीच्या नळीची जाडी, धरून त्या नळीलाच पकडणारी लहान पकड करणे श्रेयस्कर असते. आकारातील भेद अशा पकडीला दिसतच नाही.

त्यानंतर वस्तू कोणकोणत्या स्थितींत सापडेल (उदा., आडवी, भिंतीला टेकलेली, दुसरीवर चढलेली) आणि ती कोठे व कोणत्या स्थितीत सोडावयाची आहे हे ठरवितात. सोडणे हा पकडण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. उन्हात तापलेले प्लॅस्टिक रबरी रुळाला किंचित चिकटते आणि खुंटीला लावलेली कडी पकड मागे घेताना तिच्याबरोबर परत येते.

पकड भुजेच्या टोकाशी असल्याने तिचे वजन शक्य तितके कमी ठेवतात. ३ किग्रॅ. वजनाची पकड खांद्यापासून १.५ मी. अंतरावर असल्यास केवळ तिच्यामुळे सु. ४४ न्यूटन-मीटर परिबल (पीळ) खांद्याच्या चलित्रावर येते. हवेचा रोधही दुर्लक्षून चालत नाही. ६० सेंमी. व्यासाच्या चेंडूवर सेकंदाला ५ मी. वेगाच्या वाऱ्याने सु. २ न्यूटन बल येते, १०० ग्रॅ. चेंडूच्या वजनाच्या ते दुप्पट आहे. उघड्या मैदानात पकडीचे बल वजनावरून न ठरविता वाऱ्यावरून व भुजेच्या झटक्यांवरून ठरवावे लागते ते याच कारणाने.

बलाची मर्यादा शक्यतो यांत्रिक रीतीनेच राखतात. दाब नियामक असलेल्या संपीडित (दाबाखालील) हवेच्या सिलिंडराने किंवा स्प्रिंगने मिटणारा जबडा ठरावीक बलापलीकडे आवळत नाही. विद्युत् चलित्र वापरल्यास त्यातील प्रवाहाला मर्यादा घालतात. वस्तू आत आली हे कळण्यासाठी प्रकाशकिरण अडला जाण्यावर चालणारा संवेदक किंवा साधा खटका पुरतो. खटका ढिल्या वस्तूनेही दाबला जाईल इतका हलका असावा. रुळांवर बहुयुरेथेन, सिलिकोन किंवा खडबडीत रबर यांचे आवरण देतात. सर्व कडा गोलाकार करून बोल्टची डोकी आत बसवितात.

परीक्षण : पकडीची कसोटी एखाद्या यशस्वी प्रयोगाने होत नाही. अधिदाब, वस्तूची स्थिती, पृष्ठभागावरील धूळ व ओलावा आणि यंत्रमानवाचा वेग यांपैकी एकेक गोष्ट बदलून प्रत्येक वेळी ठरावीक संख्येने वस्तू उचलतात व अपयशाचे कारण नोंदवितात. वस्तू पुढे ढकलली गेली, धरताना निसटली, नेताना फिरली, सोडताना चिकटली की फुटली, अशी विभागणी केल्यास दोष कोठे आहे हे कळते. पहिल्या दोषावर रुळाचा वेग वाढविणे, दुसऱ्यावर फट कमी करणे, तिसऱ्यावर दोन बिंदूंऐवजी रेषेत स्पर्श देणे, चौथ्यावर आवरणाचे द्रव्य बदलणे आणि पाचव्यावर कडा तपासणे असे उपाय आहेत. नुसते बल वाढविणे हा यांपैकी एकावरही खरा उपाय नाही.

स्पर्धा व शिक्षण : हवाभरित वस्तूंच्या पकडींचा विकास मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्यांच्या स्पर्धांतून झाला. डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या शालेय स्पर्धेत २००७ मध्ये हवाई कड्या खुंट्यांना अडकविण्याचा खेळ होता. २०११ च्या ‘लोगो मोशन’ या खेळात लाल त्रिकोण, पांढरे वर्तुळ व निळा चौकोन अशा तीन आकारांच्या हवाभरित कड्या भिंतीवरील खुंट्यांना लावावयाच्या होत्या. त्यात रुळांच्या पकडीचा वापर अनेक संघांनी केला. २०२५ च्या खेळात सु. ४१ सेंमी. व्यासाचे हवाभरित चेंडू होते.

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ मध्ये टोकिओ येथे सुरू झाली. तिची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ व २०१४ मध्ये पुणे येथे भरली. २००८ चा विषय दहीहंडीवर आधारलेला ‘गोविंदा’ हा होता. २०२५ मध्ये मंगोलियातील उलानबाटर येथे झालेल्या स्पर्धेत यंत्रमानवांना बास्केटबॉल खेळावयाचे होते. म्हणजे हवाभरित चेंडू धरणे, जमिनीवर आपटून परत घेणे व फेकणे ही तिन्ही कामे त्यांच्याकडे होती. बुलढाणा जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षणाची सोय शेगाव येथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापनेने (१९८३) झाली. पकडीचा अभ्यास हा यामिकी, इलेक्ट्रॉनिकी व संगणकशास्त्र या तिन्ही शाखांना एकत्र आणणारा आणि अल्प खर्चात करता येण्याजोगा असल्याने अशा संस्थांतील शिक्षणास तो सोयीचा आहे.

कापसाच्या वेचणीशी संबंध : बुलढाणा जिल्ह्यात कापूस हे एक महत्त्वाचे नगदी पीक असून खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ आहे. उमललेल्या बोंडातील कापूस हीदेखील एका अर्थाने फुगीर वस्तू आहे. तिच्यात तंतूंपेक्षा हवाच अधिक असते. पण ही हवा कोंडलेली नसल्याने तिला अधिदाब नसतो. दाबल्यावर कापूस चेंडूसारखा प्रतिकार करीत नाही, नुसता चेपतो. म्हणून वर दिलेले अधिदाब व क्षेत्र यांचे सूत्र येथे लागू पडत नाही; तंतूंचे परस्परांतील व पकडीशी असलेले घर्षण हाच आधार उरतो.

असे असूनही दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या जवळ आली, हे लक्षणीय आहे. कापूस वेचणाऱ्या यंत्रात फिरणाऱ्या चात्या असतात. तंतू त्यांच्याभोवती गुंडाळले जाऊन बोंडातून सुटतात आणि पुढे दुसऱ्या चकत्या ते चात्यांवरून काढून घेतात. जॉन रस्ट यांनी ओलसर चात्यांचे असे यंत्र तयार करून १९३६ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात स्टोनव्हिल येथे त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. हवाई कडी ओढून घेणारा रूळ आणि कापूस ओढून घेणारी चाती या दोहोंतही आवळण्याऐवजी पृष्ठभागाच्या गतीने वस्तू घेतली जाते.

विदर्भातील शेतात मात्र ही मोठी यंत्रे सहजी चालत नाहीत. येथील पीक बव्हंशी पावसावर अवलंबून असून शेते लहान आहेत. पऱ्हाटीवरील बोंडे एकदम न फुटता टप्प्याटप्प्याने फुटतात व ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तीन-चार वेचे होतात. यंत्र संपूर्ण शेत एकदाच वेचते. त्याकरिता झाडे सारख्या उंचीची व जवळजवळ लावलेली असावी लागतात, पाने आधी रसायनांनी गाळावी लागतात आणि तरीही कापसात पालापाचोळा येतो. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने (स्थापना १९७६) सघन लागवडीच्या पद्धतीवर केलेल्या कामाचा एक हेतू यंत्राने वेचणी शक्य व्हावी हाही आहे. दुसरा मार्ग म्हणजे फुटलेले बोंड ओळखून एकेक वेचणारा लहान यंत्रमानव. त्याची अडचण वेगाची आहे. एका बोंडात सरकीसह सु. ४ ग्रॅ. कापूस धरल्यास एक किग्रॅ. कापसासाठी २५० बोंडे वेचावी लागतात. एका बोंडास ४ सेकंद लागले, तर एक पकड आठ तासांत ७,२०० बोंडे, म्हणजे सु. २९ किग्रॅ. कापूस वेचील, तोही कोठेही न चुकता व न थांबता.

वेचणी करणाऱ्या व्यक्तीची बोटे याहून बरेच काही एकाच वेळी करीत असतात. बोंड पुरते उमलले आहे की नाही, कापूस दवाने ओला आहे काय, किडका व डागाळलेला (कवडी) कापूस कोणता, हे स्पर्शाने व दृष्टीने ओळखून आणि बोंडाच्या वाळलेल्या टोकदार कवचापासून बोटे जपत दोन्ही हातांनी कापूस ओटीत टाकला जातो. हाताने वेचलेला कापूस स्वच्छ असतो तो या निवडीमुळे. हे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात व त्यांची मजुरी सामान्यतः वेचलेल्या वजनावर ठरते. वाकून, उन्हात व बोटांना इजा सोसून करावयाचे हे श्रम यंत्राने हलके व्हावेत ही अपेक्षा रास्त आहे; हंगामात वेळेवर मजूर न मिळाल्यास कापूस बोंडातच राहून खराब होतो, ही शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. परंतु हीच मजुरी भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचे हंगामी उत्पन्न असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर वेचणी यंत्रांचा प्रसार झाला, तेव्हा शेतमजुरांची गरज झपाट्याने घटली आणि उत्तरेकडील शहरांत चाललेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या स्थलांतराला त्यामुळे आणखी चालना मिळाली. त्यामुळे अशा पकडीचे मूल्यमापन करताना ती बोंड किती हलकेपणाने धरते याबरोबरच, तिची मालकी व तिच्यापासून होणारी बचत कोणाकडे जाते, याचाही विचार करावा लागतो. गावातील वेचणाऱ्या स्त्रियांच्या गटांनाच वापरता येईल असे लहान, स्वस्त व दुरुस्तीस सोपे साधन तयार करणे हा या क्षेत्रातील अभिकल्पाचा एक महत्त्वाचा उद्देश ठरू शकतो.